कुणाला आढळलं?

मी पुस्तकं लिहिते. हे वाक्य मी लोकांना मुद्दाम असंच सांगते आणि समोरच्याच्या भुवया कौतुकानं वर गेल्या की लगेच विषय बदलते. कारण पुढचा प्रश्न असतो, 'कुठली?' आणि त्याचं खरं उत्तर आहे, मिक्सरची. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचा हीटर, केस वाळवायचं यंत्र. खोक्याच्या तळाशी, थर्माकोलच्या खाली एक पातळ पुस्तिका असते आणि खोकं उघडणारा माणूस ती न वाचता कपाटावर फेकतो, ती मी लिहिते. 'उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' हे माझं सगळ्यात जास्त छापलं गेलेलं वाक्य. सोळा वर्षं हे काम करून माझी भाषा अशी झालीय की घरात कुणी पाय घसरून पडलं तरी माझ्या तोंडून आधी 'सदर' निघतं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण आजीवर मी जो काही अन्याय केला तो ह्याच भाषेत केला.

आजी म्हणजे माझ्या आईची आई. चौतीस वर्षं ती समाजकल्याण खात्यात होती. हुद्दा गृहभेट अधिकारी. ऐकायला भारदस्त वाटतं, पण कामात भार सगळा पायांवर असायचा. लोकांच्या घरी जायचं, जिने चढायचे, मिळेल त्या स्टुलावर बसायचं, घर बघायचं, माणसं ऐकायची आणि परत येऊन अहवाल लिहायचा. त्या अहवालावरून पुढचं ठरायचं. मूल आईजवळ राहणार की बालगृहात, म्हातारं माणूस स्वतःच्या घरी राहणार की सरकारी निवासात, बापाला मुलांना भेटता येणार की नाही. आजीच्या दोन पानांवर लोकांची बिऱ्हाडं हलायची.

ऑफिसातले सगळे 'केस' म्हणायचे, ती 'घर' म्हणायची. "आज चार घरं झाली, पायांचे तुकडे पडले," असं म्हणत ती संध्याकाळी चपला काढायची. मी लहानपणी समजत होते की ती घरं बांधते. शाळेत मी तसं छाती फुगवून सांगितलंही होतं. दिवसाला चार! बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी आदराची समजले.

आजीची एक खोड होती आणि त्या खोडीवरून खात्यात तिचं नाव पडलं होतं, 'वाचू-का बाई'. अहवाल लिहून झाला की तो साहेबांच्या टेबलावर ठेवायच्या आधी ती परत त्या घरी जायची. पुन्हा तेच जिने, पुन्हा तेच स्टूल. ज्या माणसाबद्दल लिहिलंय त्याच्यासमोर बसून विचारायची, "वाचू का?" आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवायची. लोक रडायचे, भांडायचे, हुज्जत घालायचे. एका सुतारानं म्हणे फार चिडून सांगितलं होतं, "रोज पितो असं काय लिहिलंय? रविवारी मी थेंबाला शिवत नाही." आजीनं पेन काढलं आणि 'रोज' पुढे 'रविवार सोडून' असं घातलं. सुतारानं समाधानानं खाली सही केली. आपल्या दारूबद्दल कुणीतरी इतकं अचूक लिहिलंय ह्याचा त्याला अभिमानच वाटला असावा.

ह्या खोडीपायी तिच्या खेपा दुप्पट व्हायच्या आणि बढती निम्म्यानं. साहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही अहवाल लिहिता की कीर्तन करता?" ती म्हणायची, "साहेब, जे तोंडावर वाचता येत नाही ते पाठीमागे लिहायचं कशाला?" आणि पुढच्या जिन्याकडे निघायची.

घरातही तीच तऱ्हा. दहा वर्षांची असताना मला शाळेत निबंध होता, 'माझी आजी'. मी दीड पान झोडलं. 'माझी आजी फार प्रेमळ आहे. ती गोरगरिबांचे अश्रू पुसते. ती मला रोज गोष्टी सांगते.' अश्रूंवर मी विशेष खूश होते. आजीनं मला समोर बसवून ते मोठ्यानं वाचायला लावलं.

"अश्रू पुसते? तू पाहिलंस मला कुणाचे डोळे पुसताना?"

"नाही."

"आणि गोष्टी कधी सांगितल्या? मी तुमच्याकडे येते तेव्हा तू झोपलेली असतेस."

तिच्या कसोटीतून निबंधाच्या चार ओळी वाचल्या. माझ्या आजीचे पाय सुजतात. ती चहा बशीत ओतून पिते. ती खोटं बोलत नाही. ती घरी उशिरा येते. दहापैकी मला तीन मिळाले आणि शेरा मिळाला, 'विस्तार करा'. तेव्हापासून मी विस्तारच करत आले आहे.

मी अकरावीत असताना आई गेली. मामा दुसऱ्या गावात, बाबांचं आधीपासूनच दुसरं जग. मी माझी बॅग घेऊन आजीच्या दोन खोल्यांत राहायला आले ती नोकरी लागेपर्यंत तिथेच होते. दुसरा मजला, छत्तीस पायऱ्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या लाँड्रीची पाटी दिसायची. आजी तेव्हा निवृत्त व्हायला आली होती. मला जवळ घेऊन वगैरे ती कधी रडली नाही. पण त्या वर्षी ती पहिल्यांदा घरी वेळेवर यायला लागली. रोज सहा वाजता. तिच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी सुट्टी तिनं दुसऱ्या कुणासाठी घेतली नव्हती, हे मला कळायला वीस वर्षं लागली. पुस्तिका मी लिहिते, वाचत नाही.

पुढे मी वीस मिनिटांच्या बस-अंतरावर जागा घेतली. लग्नाचाही एक प्रयोग करून पाहिला आणि वॉरंटी संपायच्या आत परत केला. आजी त्यावर एवढंच म्हणाली, "विचारलं होतंस का त्याला, त्याला काय वाटतं ते?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग दोघांचेही कष्ट वाचले."

आजी एक्याऐंशी वर्षांची असताना जिन्यात पडली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. मनगट मोडलं. मी पोचले तेव्हा ती पायरीवर बसून विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्याच्या बायकोबद्दल सल्ला देत होती. तो बिचारा तिला उचलायला थांबला होता आणि पाऊण तास अडकला होता.

प्लास्टर घातल्यावर मामाचा फोन आला. मामा फोनवर फार कर्तबगार असतो.

"हे बघ, आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही. खात्याच्या निवासात जागा होतेय. बाग आहे, डॉक्टर आहे, जिना नाही. तिचंच खातं आहे, हाल करणार आहेत का? तू अर्ज भर."

"तिला विचारलंस?"

"तू विचार ना. तू जवळ आहेस."

दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसं मामाला दुरून सगळंच सोपं दिसतं. पण खोटं कशाला बोलू, मला त्याचं म्हणणं पटलं. फारच पटलं. ऑफिस सुटलं की बस, बस उतरलं की छत्तीस पायऱ्या, मग तिची औषधं, सूप, अंघोळीचं पाणी, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधणं, आणि परत छत्तीस पायऱ्या. वर दिवसभर फोन वाजला की वाटायचं, पडली. निवास म्हटल्यावर मला बाग दिसली नाही. मला माझा सोफा दिसला.

आजीला मी विचारलं, म्हणजे माझ्या पद्धतीनं विचारलं. "आजी, खात्याकडून एक बाई येणार आहेत गुरुवारी. तुझ्यासाठी काय सोय करता येईल ते बघायला."

"माझ्या घरी गृहभेट?" आजी खुदकन हसली. "येऊ देत. स्टूल पूस."

अर्जात एक भाग होता, 'जवळच्या नातेवाइकाचे निवेदन'. मी तो ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिला. वीस मिनिटांत. मला वाटलं, चला, जन्मात एकदा आपली विद्या घरच्यांच्या कामी आली. लिहिलं ते असं:

'सदर व्यक्ती दुसऱ्या मजल्यावर एकटी वास्तव्यास आहे. जिन्याचा वापर करताना तोल जात असल्याचे आढळून आले. गॅस चालू राहिल्याचे दोन वेळा आढळून आले. सदर व्यक्तीच्या मनात एकटे राहण्याविषयी भीती असल्याचे जाणवते. सबब सदर व्यक्तीस योग्य ठिकाणी हलवणे आवश्यक आहे.'

शेजारच्या टेबलावर आमचा फ्रिजवाला बसतो, म्हणजे फ्रिजच्या पुस्तिका लिहिणारा. डबा खात त्यानं मान वाकडी करून वाचलं आणि विचारलं, "हे कुठलं मॉडेल?"

मी हसले. खरंच हसले. तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती, पण माझी लाज नेहमी उशिराच्या बसनं येते.

बुधवारी संध्याकाळी मी अर्ज पिशवीतून काढला आणि आजीपुढे सहीसाठी धरला. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. डाव्या हातानं तिनं कागद बाजूला सारला.

"वाच."

"अगं, उद्या त्या बाईच वाचतील ना."

"माझ्याबद्दल आहे ना? मग आधी मी."

मी वाचायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की माझी वाक्यं मोठ्यानं वाचता येत नाहीत. 'सदर व्यक्ती' म्हणताना माझा आवाज बारीक झाला, कारण सदर व्यक्ती दोन फुटांवर बसून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या स्वेटरचं वरचं बटण मीच सकाळी चुकीच्या काजात घातलं होतं. मी शक्य तितक्या वेगानं शेवटापर्यंत पोचले.

आजी तिच्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "परत. जिन्याचं वाक्य."

"जिन्याचा वापर करताना तोल जात असल्याचे आढळून आले."

"किती वेळा पडले मी?"

"एकदा."

"'तोल जात असल्याचे' म्हटलं की रोज सकाळ-संध्याकाळ पडतेय असं वाटतं. पुढे."

"गॅस चालू राहिल्याचे दोन वेळा आढळून आले."

"पहिल्यांदा दूध होतं. ते मी विसरले, कबूल. दुसऱ्यांदा?"

मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

"दुसऱ्यांदा कोण विसरलं?"

"मी," मी म्हटलं. खरंच मीच होते. चहाचं आधण ठेवून मी गॅलरीत फ्रिजवाल्याशी फोनवर गप्पा मारत होते आणि भांडं काळं ठिक्कर पडलं होतं. मी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं, ह्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण आमच्या भाषेत वाक्याला माणूस लागतच नाही. गॅस चालू राहतो. आढळून येतो. कुणी लावला आणि कुणी पाहिला हे विचारायची पद्धत नाही. ती पद्धत इतकी सोयीची आहे की माझा गुन्हा माझ्याच हातून आजीच्या नावावर चढला आणि मला पत्ताही लागला नाही.

"पुढचं वाक्य," आजी म्हणाली.

"सदर व्यक्तीच्या मनात..." मी थांबले.

"भीती असल्याचे जाणवते," तिनं पुरं केलं. "कुणाला भीती वाटते?"

समोरच्या लाँड्रीचं शटर खाली आल्याचा आवाज आला.

"मला वाटत नाही," आजी म्हणाली. "मी पडले, दुखलं, बसून राहिले, तो मीटरवाला आला. भीती वाटली नाही. मग कुणाला वाटते?"

"मला."

"मग तसं लिही ना, बाळा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला भांडता येतं. तिनं 'बाळा' म्हटलं आणि मी अडतिसाव्या वर्षी हातातला अर्ज ओला केला.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. गोष्टी न सांगणाऱ्या माझ्या आजीनं सांगितलेली ही एकच.

"मी सव्वीस वर्षांची होते. नोकरीला चौथा महिना. एका घरी दुपारी चारला गेले. दार उघडं. आई पलंगावर गाढ झोपलेली, खाली जमिनीवर दोन मुलं, धाकटं कोरडा पाव चावत होतं. मी दारातूनच हाक मारली, ती उठली नाही. मी खाली उतरले आणि लिहिलं, 'मुलांकडे आईचे दुर्लक्ष होत असल्याचे आढळून आले.' फार छान वाक्य होतं. साहेबांनी कौतुक केलं. मुलं बालगृहात गेली."

"मग?"

"ती हॉस्पिटलच्या धुलाईत रात्रपाळी करत होती. सकाळी घरी येऊन, मुलांचं करून, दुपारी दोन तास झोपायची. हे सगळं कळून मुलं परत मिळेपर्यंत तेवीस दिवस गेले. ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. कागदावर बोट ठेवून म्हणाली, 'बाई, इथे लिहिलंय आढळून आलं. कुणाला आढळलं?' मी म्हटलं, मला. ती म्हणाली, 'मग मला उठवलं का नाहीत?'"

डाव्या हातानं आजीनं प्लास्टरवरचा दोरा उगीच ओढला.

"तेवीस दिवसांनी ती न्यायला आली तेव्हा धाकटं तिच्याकडे जाईना. बालगृहातल्या आयाचाच पदर धरून बसलं. मी तिथे होते. ते मला कुठेच लिहिता आलं नाही."

चौतीस वर्षं खात्यात तिच्या खोडीला सगळे हसले. आम्ही घरचे त्याला व्याकरणाचं वेड म्हणत होतो. मामा तर लग्नसमारंभात तिची नक्कल करायचा, "वाचू का, वाचू का?" मी सगळ्यात मोठ्यानं हसायचे. त्या खोडीखाली तेवीस दिवस होते. ती खोड कशी लागली, हे कुणी तिला कधी विचारलं नाही. तिनं हजारो लोकांना 'तुमचं काय म्हणणं आहे' असं विचारलं, आणि तिच्या घरात तिला ते विचारणारं कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते.

"नवा कागद घे," आजी म्हणाली. "मी सांगणार नाही. तुझं तू लिही."

मला तासभर लागला. वीस मिनिटांत मिक्सर हातावेगळा करणारी मी, एका ओळीवर पेन धरून घाम पुसत बसले. झालं ते असं:

'माझी आजी एकदा जिन्यात पडली. गॅस एकदा ती विसरली, एकदा मी विसरले. मला भीती वाटते. फोन वाजला की वाटतं, आजी परत पडली. मी रोज ऑफिसातून इथे येते आणि मी दमले आहे. आजी निवासात गेली तर मला बरं वाटेल. तिला कुठे राहायचं आहे हे मी विचारलेलं नाही.'

हे वाचून दाखवताना 'मला बरं वाटेल' पाशी मी थांबले. आजीचा चेहरा बघितला. तिला लागलं होतं. ती मोठी समाजसेविका वगैरे असेल, पण आपण गेल्यानं आपल्या नातीला बरं वाटणार आहे हे ऐकून कुणालाही लागेल. तिनं चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

"तेवढं वाक्य खोडते," मी म्हटलं.

"खबरदार. एवढं एकच वाक्य तुला नीट आलंय."

गुरुवारी अकराला खात्याची बाई आली. पंचविशीची, धाप लागलेली, गळ्यात ओळखपत्र. आजीनं तिला पाणी दिलं, स्टुलावर नव्हे, खुर्चीत बसवलं आणि पायऱ्या मोजल्या का विचारलं. तिनं मोजल्या नव्हत्या. "मोजायच्या," आजी म्हणाली. "अहवालात 'दुसरा मजला' लिहू नका, 'छत्तीस पायऱ्या' लिहा. वाचणारा साहेब लिफ्टनं वर गेलेला असतो."

बाईनं माझं निवेदन वाचलं, दोनदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर अभ्यासू लागले. मग ती आजीकडे वळली. "आजी, तुमचं काय म्हणणं आहे?"

"लिहून घ्या. मला माझ्या घरी राहायचं आहे. लिहिलं? आता दुसरं. माझी नात दमली आहे. तिला आठवड्यातून तीन दिवस सुट्टी मिळाली पाहिजे."

बाईनं अर्ज उलटसुलट केला. "आजी, नातेवाइकाच्या सुट्टीचा रकाना नाही ह्यात."

"मग पट्टी घ्या आणि आखा."

"असं चालणार नाही, वर विचारतील..."

"विचारू देत. खाली लिहा, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्हींचा विचार व्हावा. आणि आता वाचा."

"काय?"

"तुम्ही जे लिहिलंत ते. मला वाचून दाखवा."

बाई गोंधळली. अहवाल गोपनीय असतो म्हणाली. आजी तिच्याकडे नुसती बघत राहिली. मी त्या नजरेखाली वाढले आहे, मला त्या मुलीची दया आली. शेवटी तिनं घसा साफ केला आणि वाचलं. आजीनं तीन ठिकाणी दुरुस्ती केली, त्यांतली एक शुद्धलेखनाची होती.

अर्ज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. पाच आठवड्यांनी मंजुरी आली. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार मदतनीस बाई येणार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शेजारीण डोकावणार. आजी घरीच राहणार.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मला तर तीन सुट्ट्या मिळाल्या आणि त्यांचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. पहिल्या मंगळवारी मी ऑफिसातून निघून सवयीनं आजीच्याच बसस्टॉपवर उतरले, लाँड्रीसमोर उभी राहून तिच्या खिडकीकडे बघितलं आणि चोरासारखी परत फिरले. त्या दिवशी चार वेळा फोन केला. चौथ्यांदा आजीनं उचलला. "आज तुझी सुट्टी आहे," म्हणाली आणि ठेवून दिला. नंतर तर सुट्टीच्या दिवशी ती माझा फोन घ्यायचीच नाही. दुसऱ्या दिवशी विचारायची, "काल काय केलंस?" मी प्रदर्शन बघितलं, मैत्रिणीकडे गेले, पोहायचा क्लास लावला, असा विस्तार करायचे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "सोफ्यावर लोळलीस ना?"

हळूहळू मला लोळायला जमू लागलं. फोनकडे न बघता पूर्ण शनिवार काढायला जमू लागलं. आणि गंमत म्हणजे बाकीच्या दिवशी आजीकडे जायला मला आवडायला लागलं. आम्ही भांडायचो, वर्तमानपत्रातली 'आढळून आले' मोजायचो, ती मला माझ्या पुस्तिका मोठ्यानं वाचायला लावायची. 'उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' हे वाक्य तिनं दुरुस्त करून दिलं, 'हात ओले असतील तर हात लावू नका, शॉक बसेल.' ऑफिसनं ते छापलं नाही. असे चौदा महिने मिळाले.

ती गेली शनिवारी. दुपारी पावणेचारला, तिच्या पलंगावर, तिच्या खिडकीशी. मला कळलं सव्वासहाला. मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते आणि मदतनीस बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून रडत होत्या. मी त्यांच्यावर ओरडले. लाजिरवाणं ओरडले. दुपारपासून काय करत होतात, मला फोन का नाही केला, मी वीस मिनिटांवर होते.

"दोन वाजताच म्हणाल्या, छातीत कसंतरी होतंय," बाई म्हणाल्या. "मी डॉक्टरांना बोलावलं. तुम्हाला लावायला फोन हातात घेतला तर माझा हात धरला. म्हणाल्या, तिला नको. आज तिची सुट्टी आहे. सहा वाजल्यावर कर."

पावणेचार वाजता मी काय करत होते ते सांगते. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि कुणाला आढळूनही येणार नाही, म्हणून मलाच लिहायला हवं. मी माझ्या सोफ्यावर बसले होते, पाय गरम पाण्याच्या टबात, मांडीवर बिस्किटांचा पुडा. टीव्हीवर काहीतरी मूर्खासारखं चाललं होतं. फोन शेजारीच होता आणि तो वाजत नव्हता. दुपारभर एकदाही वाजला नव्हता, आणि मला फार बरं वाटत होतं.